स्वप्नातला कोयता

जो उगवला म्हणजे अंगणातला दगडही ऊब धरतो, त्या सवितृदेवतेला प्रथम नमस्कार. त्याची कन्या होऊन आमच्या गावाच्या पायाशी वाहणाऱ्या तापीमाईला नमस्कार. आज रथसप्तमी. सकाळी सूनबाईने अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घातले, मी सूर्याला अर्घ्य दिले आणि त्यानंतर तिने माझ्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवली. गेल्या वर्षी याच सुमाराला मी बिछान्यावर पडून होतो आणि अर्घ्य माझ्या वतीने धाकट्या भावाने दिले होते. ते कसे घडले, हे लिहून ठेवण्यास आजचा दिवस योग्य वाटला.

मी गावातल्या लोधीपुरा मोहल्ल्यात राहतो. आयुष्य संस्कृत शिकवण्यात आणि चार घरची धर्मकृत्ये सांगण्यात गेले. मुलगा कागदगिरणीत नोकरीला आहे, आठवड्याकाठी घरी येतो. घर सूनबाई सांभाळते, आणि घराबरोबर मलाही. धाकटा भाऊ तापीकाठी केळीची शेती करतो. त्याचे शिक्षण लवकर सुटले, त्याची भाषा शेतातली राहिली आणि माझी पोथीतली झाली. तरी आमच्यात कधी उणा शब्द गेला नाही. वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी करायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू पोथ्या घे, मी माती घेतो." त्यावर दोघेही हसलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याला कसलेही वैराचे कारण नव्हते.

श्रावणात तापीच्या राजघाटावर स्नान करून पायऱ्या चढत असताना पहिल्यांदा ते आले. दुखणे हा शब्द त्याला पुरत नाही. कोणीतरी समोरून येऊन छातीच्या मधोमध गुडघा रोवला आणि सगळा भार टाकला, असे झाले. जबडा आवळला. डावा हात खांद्यापासून पिळला गेला, धुतलेले धोतर पिळावे तसा. मी पायरीवर बसलो आणि काही वेळात तो गुडघा आपोआप उचलला गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच घडले, तेव्हा सूनबाई मला रिक्षात घालून इतवारा भागातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण, बोलणे निम्मे हिंदी, निम्मे मराठी. त्यांनी तपासण्या केल्या, चित्र काढून दाखवले. हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवते, परंतु त्याला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते आणणाऱ्या नळ्या माझ्या बाबतीत आतून अरुंद झालेल्या आहेत. बसून असताना जेमतेम पुरते. चढण आली, थंडी लागली, संताप आला की हृदय अधिक मागते, नळी अधिक देऊ शकत नाही, आणि उपाशी राहिलेला स्नायू आकांत करतो.

"पंडितजी, दोनच मार्ग," डॉक्टर म्हणाले. "नळीतून जास्त रक्त जाऊ द्यायचं, नाहीतर हृदयाची भूकच कमी करायची. मी दोन्ही करतो."

त्यांनी दिलेल्या औषधांची ओळख मला हळूहळू झाली. एक गोळी रक्तवाहिन्या सैल करणारी. तिने रक्त ढकलण्याचे कष्ट कमी झाले, पण पाय सुजले. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. एक रक्त गोठू न देणारी. ती उपाशीपोटी घेतली की जठरात निखारा ठेवल्यासारखे व्हायचे, म्हणून जेवणानंतरच. एक अगदी लहान, गडद काचेच्या बाटलीतली, जिभेखाली ठेवायची. ती गिळायची नाही, कारण पोटाच्या वाटेने गेली तर यकृत तिची बहुतेक शक्ती हृदयाशी पोहोचण्याआधीच मोडून टाकते. जिभेखालून मात्र ती थेट रक्तात उतरते, शिरा सैलावतात, रक्त तिथे जरा विसावते आणि हृदयाकडे परतणारा लोंढा ओसरतो. ही घेताना बसायचे, उभे राहायचे नाही. रक्तदाब असा घसरतो की उभा माणूस कोसळावा.

आणि चौथी, सकाळची पांढरी गोळी. तिचे काम हृदयाला लगाम घालणे. नाडी मंद होते, ठोक्याचा जोर कमी होतो, म्हणून मागणीही कमी होते. डॉक्टरांनी सांगितले की हात गार पडतील, थोडे थकल्यासारखे वाटेल. तसे झालेही. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, किंवा सांगितली असेल आणि माझे लक्ष पायांच्या सुजेकडे असेल.

गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मी माणसे मारू लागलो.

स्वप्नात, अर्थातच. पण ती स्वप्ने मी पूर्वी पाहिलेल्या स्वप्नांसारखी नव्हती. त्यांना वास होता. पहिल्यात मी भावाच्या शेतात होतो, केळीच्या दोन ओळींमधल्या ओल्या सावलीत. हातात घड उतरवायचा कोयता. भाऊ पाठमोरा होता. मी कोयता चालवला तो त्याच्या मानेवर, आणि तो शिरताना झालेला ओलसर, तंतुमय आवाज मी स्पष्ट ऐकला. केळीचा दांडा कापताना होतो तोच आवाज. तो वळला तेव्हा मी पुन्हा घाव घातला, आणि पुन्हा. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळपट डाग पडतो आणि तो कधी जात नाही, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. स्वप्नात माझे सोवळे त्या डागांनी भरले होते, आणि डाग वाळत नव्हते. तो खाली पडल्यावरही मी थांबलो नाही. थकून श्वास लागेपर्यंत मी घाव घालत राहिलो. सर्वांत भयंकर म्हणजे, मारत असताना मला राग नव्हता. काम उरकावे तसे मी ते करीत होतो. आणि भाऊ हसत होता.

जागा झालो तेव्हा उजवा खांदा खरोखर दुखत होता.

पुढे हे वारंवार होऊ लागले. कधी कोयता, कधी पाट्यावरचा वरवंटा, कधी नुसते हात. एकदा मी त्याला तापीच्या पाण्यात धरून ठेवले आणि त्याच्या तोंडून निघणारे बुडबुडे थांबेपर्यंत सूक्त म्हणत राहिलो. मारणारा मी आणि मरणारा बहुतेक वेळा तोच. सकाळी तो शेतातून कच्च्या केळ्यांची पिशवी घेऊन यायचा, ओसरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "दादा, चेहरा कसा उतरला तुहा? झोप नाही लागत काय?" मी त्याच्या मानेकडे पाहू शकत नसे.

मी शास्त्राचा विद्यार्थी. स्वप्नातल्या कर्माचे फळ कर्त्याला लागत नाही, हे मी अनेकांना समजावले होते. परंतु एकदा पडलेले स्वप्न आणि रोज येणारे स्वप्न यांत मला अंतर दिसू लागले. एकदा दार वाजले तर वाटसरू असतो. रोज वाजले तर कोणीतरी घरात राहायला आलेले असते. माझ्या आत, इतक्या वर्षांच्या जपाखाली, कोणी खुनी निजला होता आणि आता उतारवयात तो उठून बसला आहे, असे मी ठरवले. डॉक्टरांना विचारावे असे एकदाही मनात आले नाही. छातीतले दुखणे डॉक्टरांचे, चित्तातले देवाचे, अशी वाटणी मी केली होती.

तेव्हा मी प्रायश्चित्त घेतले. कार्तिकी पौर्णिमेनंतर चांद्रायण धरले. चंद्राची कला घटत जाते तसे घास घटवायचे, अमावास्येला निराहार राहायचे, मग कलेबरोबर घास वाढवायचे. या व्रतात औषधाला आडकाठी नसते. तरीही मी सगळ्या गोळ्या बंद केल्या. ज्याने हिंसा केली त्याने वेदना टाळण्याचे उपाय करू नयेत, असा माझा तर्क होता.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ती सहसा माझ्यापुढे वाद घालीत नाही.

"बाबा, व्रतात औषध चालतं, हे तुम्हीच सगळ्या मोहल्ल्याला सांगता ना?"

"इतरांना सांगतो. ते पुण्यासाठी उपवास करतात. माझे कारण वेगळे आहे."

"कोणतं कारण? तुम्ही अंगावरचा डास फुंकून उडवता."

"सगळेच तुला दिसत नाही, बाळ."

"मला तुमचे सुजलेले पाय दिसतात. डॉक्टरसाहेबांना फोन लावू का?"

"माझ्या आणि देवाच्या मध्ये डॉक्टरांना आणू नकोस."

हे वाक्य मी ज्या स्वरात म्हटले त्याने ती मागे सरली. दुसऱ्या दिवशी माझ्या धुतलेल्या उपरण्याच्या टोकाला घट्ट गाठ दिसली आणि त्या गाठीत ती गडद काचेची बाटली. मी सोडायला गेलो, तर ती चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "ती जिभेखालची आहे बाबा, पोटात जात नाही. तुमच्या व्रताचा घास मोडत नाही." मी गाठ तशीच राहू दिली.

आणि स्वप्ने थांबली.

दोनतीन दिवसांतच. मी झोपलो आणि उठलो, मधे काही नव्हते. हातांना ऊब आली. पायांची सूजही ओसरू लागली. मी देवापुढे बसून रडलो. प्रायश्चित्त स्वीकारले गेले होते. शास्त्र खरे ठरले होते आणि मी शुद्ध होत होतो. ज्या छातीत दिवसातून तीनतीनदा तो गुडघा रोवला जात होता, आता बसल्या जागीही, तिची मी पर्वा केली नाही. प्रत्येक वेळी दात आवळून मी मनात म्हणे, हा त्याच्या मानेवरचा एक घाव फिटला.

अमावास्येला एकच कर्तव्य उरले, असे वाटले. ज्याचा अपराध केला त्याची क्षमा मागणे. सकाळी निराहार, थंडी अंगावर घेत मी चालत निघालो. शेत गावाबाहेर आहे. रिक्षा मिळाली असती, मी घेतली नाही.

भाऊ केळीच्या ओळीत होता. पलीकडच्या वाफ्यात काही बाया निंदणी करीत होत्या. तीच ओली सावली, पायाखाली तीच कुजकी पाने. त्याच्या हातात कोयता होता. नुकताच एक घड उतरवला होता आणि पात्यावरून चीक गळत होता.

"दादा? तू पायी आला? अरे, कशाले इतकी तंगडतोड करतो? फोन करायचा, मी मोटारसायकल घेऊन आलो असतो."

"तुझी क्षमा मागायची आहे," मी म्हणालो.

"कशाची? बस आधी. तोंड पाह्य तुह्य, राखेवानी झालं."

"मी तुला..."

पुढचा शब्द निघाला नाही. गुडघा नव्हे, या वेळी पहार होती. छातीच्या हाडामागे कोणी तापलेली पहार ठोकली आणि ती फिरवू लागला. ती गळ्यात चढली, जबड्याच्या सांध्यात घुसली, दात उपटावेत तशी आतून ओढ लागली. डावा हात माझा राहिला नाही. घाम असा फुटला की धोतर अंगाला चिकटले. मी गुडघ्यांवर आपटलो, मग कुशीवर, आणि माझ्या तोंडात माती व केळीच्या पानाचा कडू रस गेला. श्वास घेऊ जावे तर पहार आणखी आत जाई. मी मंत्र शोधू लागलो. एकही सापडला नाही. सगळी विद्या आग लागलेल्या गोठ्यातल्या गुरांसारखी ओरडत होती आणि तिला दार मिळत नव्हते.

वर पाहिले तर भाऊ माझ्यावर वाकलेला होता. हातात कोयता. पाते माझ्या गळ्याकडे येत होते.

त्या क्षणी मला वाटले, हेच ते. आता फेड होते आहे. मी मान पुढे केली.

त्याने कोयत्याने माझ्या बंडीची गळ्याजवळची घट्ट कसणी कापली, मग छातीपर्यंत कापडच फाडले. पात्याची कड कातडीला लागली आणि तिथे रक्ताची रेघ उमटली. बायांनी तेवढेच पाहिले, म्हातारा खाली पडलेला आणि त्याच्यावर कोयता घेऊन वाकलेला माणूस. एकीने किंकाळी फोडली, "मारला रे, मोठ्याले मारला!" दुसरीने हातातला विळा उगारला आणि धावत येऊन भावाच्या पाठीत त्याची मूठ हाणली. तो वळलाही नाही.

"मार नंतर, माय. पाणी आण आधी."

त्याच्या हाताला उपरण्याची गाठ लागली. त्याने ती दातांनी सोडली. मला उचलून केळीच्या बुंध्याला टेकवून बसवले, बाटली उघडली आणि गोळी माझ्या ओठांशी धरली. दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी ओठ मिटून मान हलवली, जीभ उचलून दाखवली. तो समजला. तांब्या बाजूला पडला आणि पाणी मातीत गेले.

गोळी जिभेखाली चुरचुरली. थोड्या वेळाने डोक्यात घणाचे घाव सुरू झाले. कपाळाच्या शिरा फुटतात की काय असे झाले, चेहरा पेटला. हा त्या औषधाचाच गुण. ज्या शिरा ते उघडते त्यांत मस्तकाच्याही असतात. पण पहार थोडी मागे सरली. पुरती निघाली नाही, म्हणूनच त्याने वेळ दवडला नाही. केळी वाहणाऱ्या छोट्या गाडीत, पानांच्या थरावर, माझे डोके मांडीवर घेऊन तो दवाखान्यापर्यंत बसला होता. मागून ती विळ्याची बाईही चढली होती. तिचा त्याच्यावर अजून पुरता विश्वास नव्हता.

हृदयाचा लहानसा भाग त्या दिवशी कायमचा मेला. बाकीचा वाचला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले. रागावले होते, पण वय पाहून आवाज खाली ठेवत होते.

"पंडितजी, ही गोळी आपल्या मनाने एकदम सोडायची नसते. ती लगाम आहे. इतके महिने ओढून धरलेला लगाम एकदम सोडला तर घोडा चालत नाही, उधळतो. सोडायची तर हळूहळू, आणि मी सांगीन तेव्हा. क्यों बंद की?"

सूनबाई आणि भाऊ दोघेही समोर असताना मी स्वप्ने सांगितली. सगळी. पाण्यातले बुडबुडेसुद्धा.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "ये पहले क्यों नहीं बताया?"

"असे डॉक्टरांना सांगतात?"

"हेच तर सांगतात. या जातीच्या काही गोळ्या रक्तातून मेंदूत उतरतात. काही लोकांना त्यांनी भयानक स्वप्नं पडतात, मारामारीची, रक्ताची. गोळी थांबली की स्वप्नं थांबतात. मी बदलून देतो, मेंदूत कमी जाणारी."

माझे चांद्रायण, माझे अश्रू, माझी शुद्धी, सगळे त्या एका वाक्यात मावले. अन्नाचा सूक्ष्म अंश मन होतो, असे मी जन्मभर शिकवले. औषधाचाही होत असेल, हे मला सुचले नव्हते. छाती डॉक्टरांची आणि चित्त देवाचे, ही वाटणी माझी होती, त्या दोघांपैकी कोणीही ती केली नव्हती.

भाऊ खिडकीत उभा होता. त्याने विचारले, "मारलं कशानं म्हणतो?"

"कोयत्याने. बहुतेक वेळा."

"कोणत्या? लांब दांड्याच्या, का घरातल्या?"

"लांब दांड्याच्या."

"अन् मी काय करत होतो? गुमान मार खात होतो?"

"हसत होतास."

"मंग बरोबर आहे," तो म्हणाला. "तुले तो धरताच येत नाही दादा. पाहून हसूच आलं असतं." सूनबाईने पदर तोंडाला लावला. मला हसताना छाती दुखली, आणि डॉक्टरांनी सर्वांना बाहेर काढले.

नव्या गोळीने हात अजून गार पडतात, जिना चढताना पाय जड होतात. स्वप्ने एकदम गेली नाहीत. पहिल्या काही दिवसांत एकदा मी पुन्हा त्या ओळीत होतो, कोयता हातात होता, पण तो उचलेना. नंतर तेही विरले. भाऊ मात्र रोज सकाळी ओसरीवर आला की पहिला प्रश्न हाच विचारी, "दादा, आज मी आहे का गेलो?" मी सांगे, "आहेस." मग तो केळी खाली ठेवी.

आज रथसप्तमीला तो पिकलेला अख्खा घड घेऊन आला. फण्या सोडवायला त्याने तोच कोयता माझ्या हातात दिला. मला तो खरोखरच नीट धरता येत नाही. मी दांड्यावर पाते टेकवले, तो ओलसर, तंतुमय आवाज झाला, आणि माझा हात थांबला नाही. चीक उपरण्यावर उडाला. डाग पडला आहे, तो जाणार नाही, राहू दे.

"आज मी आहे का गेलो?" त्याने विचारले.

मी आठवून पाहिले. "आज तू आलाच नाहीस," मी म्हणालो. "कितीतरी दिवसांत आला नाहीस."

तो जरासा हिरमुसला, असे मला वाटले. "बरं," म्हणाला, आणि एक फणी सूनबाईसाठी वेगळी काढली.

हे वाचणाऱ्या सुज्ञा, तुझ्या घरी कोणी हृदयाचे औषध घेत असेल तर त्याच्या पायांकडे जसे पाहतोस तसे त्याच्या झोपेबद्दलही विचार, आणि जे कळेल ते वैद्याच्या कानावर घाल. गोळी मात्र आपल्या हाताने थांबवू देऊ नकोस. सूर्यनारायण तुझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांची छाती शांत ठेवो, लेकरांची झोप निर्मळ ठेवो. तुझ्या उंबऱ्यात भाऊ भावाला रोज सकाळी जिवंत भेटो, आणि तापीमाई तुझ्या कुळावर आपल्या पाण्याचा गारवा अखंड राखो.